विज्ञानशिक्षणाचे निर्वसाहतीकरण आणि प्रामाण्याचा प्रश्न

विद्यापीठातील विज्ञानशिक्षण वसाहतवादाच्या पकडीतून सोडवावे, ही मागणी दोन अर्थांनी केली जाते. पहिला अर्थ सौम्य आहे. विज्ञान तेच राहावे. त्याची भाषा, उदाहरणे, इतिहास आणि ते शिकण्याची संधी मिळणारा समाज बदलावा. दुसरा अर्थ कडवा आहे. आधुनिक विज्ञान हे युरोपच्या संस्कृतीचे अपत्य आहे, त्यामुळे त्याचे निष्कर्षही त्या संस्कृतीपुरतेच खरे आहेत. इतर समाजांच्या ज्ञानपद्धतींना वर्गात समान स्थान मिळाले पाहिजे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउन विद्यापीठाच्या आवारातून सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हलवला गेला. पुढच्याच वर्षी त्या विद्यापीठात विज्ञानच मोडून नव्याने आरंभ करावा, असे बोलले गेले आणि हा कडवा अर्थ जगभर चर्चेत आला. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ अभ्यासक्रमात आणण्याचे ठरवले आणि २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे हा वाद आता प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाच्या दारात आला आहे.

वादाच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: एखादे विधान खरे मानण्याचा अधिकार कशातून येतो? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न ‘प्रामाण्य’ या नावाने शतकानुशतके चर्चिला. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. बाधा येईपर्यंत ते खरेच धरायचे. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे आहे की नाही हे बाहेरून ठरते, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी होते का, यावरून. बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली आणि शब्दाला, म्हणजे आप्तवचनाला, स्वतंत्र स्थान नाकारले. विज्ञान शिकवताना विद्यार्थ्याला कोणत्या प्रमाणाने ते पटवायचे, हा प्रश्न या चौकटीत मांडला की निर्वसाहतीकरणाच्या चर्चेतला बराच गोंधळ दूर होतो. नागपूरच्या जुन्या शहराचा, विशेषतः भोसल्यांच्या वाड्याभोवती वाढलेल्या महालाचा, गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास त्यासाठी उपयोगी पडतो. या चर्चेतले जवळजवळ सगळे पक्ष तिथे किंवा तिथून जवळ उभे राहिलेले आहेत.

बापूदेव शास्त्री आणि सिद्धांतांचा मार्ग

तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या कारकिर्दीत, नागपूर अजून इंग्रजी मुलूख झालेले नसताना, तिथे एक मराठी मुलगा ढुंढिराज मिश्र नावाच्या पंडितांपाशी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकत होता. पुढे बापूदेव शास्त्री या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मुलाचा जन्म १८२१ चा. १८३८ मध्ये भोपाळचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन याच्या नजरेत त्याची गणितातली गती भरली आणि त्याने त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले.

विल्किन्सनची शिक्षणपद्धती त्या काळच्या सरकारी धोरणाच्या अगदी उलट होती. १८३५ मध्ये मेकॉलेने पौर्वात्य विद्यांची टर उडवून इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला आणि सरकारचा पैसा त्या दिशेला वळला. विल्किन्सनचे म्हणणे असे की, ज्योतिषातले सिद्धांतग्रंथ पृथ्वी गोल आणि आकाशात निराधार मानतात. सपाट पृथ्वी आणि मध्यभागी मेरू हे पुराणांचे चित्र त्यांना मान्य नाही. तेव्हा सिद्धांत जाणणाऱ्याला कोपर्निकसपर्यंत नेण्यासाठी त्याची सगळी विद्या पुसून टाकण्याचे कारण नाही. सिहोरचेच पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून याच वाटेने सूर्यकेंद्री मताचा पुरस्कार केला. विल्किन्सन १८४१ मध्ये वारला आणि त्याच्यामागे हा प्रयोग टिकला नाही.

बापूदेव पुढे बनारसच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. १८५८ मध्ये त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढताना वापरलेली रीत कलनगणिताच्या मूळ कल्पनेपर्यंत पोचते, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमधील गणिती विल्यम स्पॉटिसवूड याने त्या दाव्याची छाननी केली. भास्कराचार्यांची सूक्ष्म दृष्टी त्याने मोकळेपणाने वाखाणली, पण कलनगणिताची पूर्ण पद्धत त्यात आहे हे म्हणणे अधिक झाले, असे मत दिले. नंतरच्या इतिहासकारांचा कलही साधारण असाच राहिला आहे.

या देवघेवीत निर्वसाहतीकरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बापूदेवांनी सिद्धांतग्रंथ पूज्य म्हणून पुढे ठेवला नाही. त्यातली रीत उलगडून गणिताच्या भाषेत मांडली, म्हणजे ती तपासता येईल अशी केली. आणि भास्कराचार्य जितके श्रेष्ठ आहेत तितकेच ठरले. त्याहून जास्त नाही आणि मेकॉलेने मानले होते त्याहून कितीतरी वरचे. दोन्ही निर्णय परीक्षेतून आले. अर्थात सिहोरची पाठशाळा कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालत होती, हेही विसरता येत नाही. सत्ता परकी होती, तरी विद्यार्थी स्वतःचे ज्ञान घेऊन त्या परीक्षेत उतरत होता. पुढच्या विद्यापीठीय व्यवस्थेत तीच गोष्ट हरवली.

संलग्न महाविद्यालये आणि उसने प्रामाण्य

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच सुमारास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या आसपासचे खडक धुंडाळत होते. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर आणि त्यात शंखशिंपल्यांचे जीवाश्म आहेत, हे त्यांनी नोंदवले. १८५५ मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मांगली इथल्या खडकात मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन याने लंडनमध्ये केले. वस्तू नागपूरची, निरीक्षण नागपुरात. तिला नाव आणि वर्ग देण्याचा अधिकार मात्र लंडनला. वसाहतीतल्या विज्ञानाची ही नेहमीची रचना होती. हिस्लॉपची निरीक्षणे त्यामुळे खोटी ठरत नाहीत. पुढच्या भूवैज्ञानिकांनी ती पुन्हा पुन्हा तपासली आहेत.

हिस्लॉपच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले आणि आरंभी ते जुन्या शहरात, महालच्या भागात होते. १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आणि १९०६ मध्ये सरकारी विज्ञान महाविद्यालय निघाले. स्वतःचे विद्यापीठ मात्र नागपूरला १९२३ मध्ये मिळाले. तोवर इथली महाविद्यालये आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. ती शिकवत नसत. परीक्षा घेत आणि पदव्या देत. प्रश्नपत्रिका दूरच्या शहरात निघणार, पाठ्यपुस्तक इंग्लंडहून येणार आणि त्या पुस्तकात जे लिहिले तेच उत्तरपत्रिकेत उतरणार, असा क्रम ठरून गेला.

याचा परिणाम विज्ञानाच्या प्रामाण्यावरच झाला. ज्या शास्त्राची ओळख प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांनी व्हायची, ते विद्यार्थ्यापर्यंत शब्दप्रमाणाने पोचू लागले. प्रयोगवहीत येणारा आकडा आधीच माहीत असे आणि प्रयोग त्या आकड्यापर्यंत नेऊन पोचवायचा असे. गंमत अशी की, पाठशाळांवर घोकंपट्टीचा जो ठपका इंग्रजी शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी ठेवला, तीच घोकंपट्टी नव्या महाविद्यालयांत वेगळ्या ग्रंथांसह चालू राहिली. विज्ञानशिक्षणातली वासाहतिकता शोधायची तर ती इथे सापडते. न्यूटनचे नियम इंग्रज माणसाने मांडले, यात ती नाही. ते नियम इंग्रजी पुस्तकात छापले आहेत म्हणून खरे मानायची सवय लागली, ही खरी वासाहतिकता.

भाषेचा उपाय आणि त्याची मर्यादा

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपुरात या प्रश्नाला भाषेच्या बाजूने हात घातला गेला. डॉ. रघुवीर यांनी आपली ‘सरस्वती विहार’ ही संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपूरला आणली आणि दहा वर्षांनी ती दिल्लीला गेली. मधल्या काळात संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांतून विज्ञानाची संपूर्ण परिभाषा घडवण्याचे प्रचंड काम त्यांनी केले. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, कार्बनला प्रांगार असे शब्द त्यांनी दिले. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारचा आणि नागपूर विद्यापीठाचा कल मराठी-हिंदी माध्यमाकडे होता. पुढे १९७० च्या दशकात नागपूरच्याच महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विज्ञानविषयांची मराठी क्रमिक पुस्तके काढली.

रघुवीरांची मूलद्रव्यांची नावे रुजली नाहीत. १९६१ मध्ये नेमलेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने मूलद्रव्ये, एकके आणि चिन्हे यांसाठी आंतरराष्ट्रीय शब्दच ठेवायचे तत्त्व स्वीकारले. मराठीनेही गुरुत्वाकर्षण, त्वरण, पेशी, वेग हे शब्द ठेवले आणि ऑक्सिजनही ठेवला. व्यवहार्य तोडगा हाच होता. मातृभाषेत शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारणे सोपे जाते, आणि विज्ञानात प्रश्न विचारता येणे हेच अर्धे शिक्षण असल्याने भाषेचे महत्त्व वादातीत आहे. तरीही भाषा बदलल्याने प्रामाण्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. इंग्रजी पुस्तक पाठ करणारा वर्ग मराठी पुस्तक पाठ करू लागला तर शब्दप्रमाणाची जागा शब्दप्रमाणच घेते.

पंचांग: धर्म आणि गणित यांचा समोरासमोर वाद

शास्त्राचा शब्द आणि आकाशाचे प्रत्यक्ष यांचा सर्वांत स्पष्ट सामना महाराष्ट्रात पंचांगाच्या वादात झाला. सोळाव्या शतकातल्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून पंचांगे तयार होत. काळाच्या ओघात त्या गणितातल्या चुका साचत गेल्या आणि ग्रहणे व ग्रहांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळेनाशी झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून वेधांशी जुळणारे पंचांग काढायला सुरुवात केली. बापूदेवांनी बनारसमध्ये तसेच केले आणि पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा प्रश्न लावून धरला.

विरोधकांचा एक आक्षेप तिथीच्या लांबीचा होता. परंपरेने ‘बाणवृद्धी, रसक्षय’ असा दंडक मानला होता: तिथी साठ घटकांवर फार तर पाच घटका वाढते आणि फार तर सहा घटका घटते, म्हणजे ती ५४ ते ६५ घटकांच्या दरम्यान राहते. चंद्राच्या खऱ्या गतीवरून गणित केले तर तिथी सुमारे ५० ते ६७ घटका असू शकते. मग एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी करायचा आणि श्राद्ध कोणत्या तिथीला? नव्या गणिताची तिथी धर्माला चालेल का, हा श्रद्धावानाच्या दृष्टीने खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मीमांसेच्या चौकटीतच मिळते. शास्त्राचा अधिकार इतर प्रमाणांनी कळू न शकणाऱ्या गोष्टींपुरता असतो. एकादशीच्या उपवासाने पुण्य लागते का, हे दुर्बीण सांगू शकत नाही. ते अदृष्ट आहे आणि तिथे श्रद्धावान माणूस शास्त्राकडे जातो. चंद्र सूर्यापासून किती अंशांवर आहे हे दृष्ट आहे आणि तिथे ग्रंथाचे वचन प्रत्यक्षाविरुद्ध उभे राहू शकत नाही. ही विभागणी परंपरेत आधीपासून होती, म्हणूनच पंचांगशोधन करणाऱ्यांना धर्म सोडावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या सदस्यांत महालातले डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी (१८८०–१९५६) होते. कायद्याचे पदवीधर असलेले दप्तरी ज्योतिर्गणित, धर्मशास्त्र आणि उपनिषदे या विषयांत मुरलेले होते. पंचांगगणितावर त्यांनी ‘करणकल्पलता’ लिहिली, आणि खगोलीय उल्लेखांवरून प्राचीन भारताचा कालक्रम ठरवण्याच्या पद्धतीवर नागपूर विद्यापीठात दिलेली त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली. साहांची वृत्ती याहून फार वेगळी. सगळे विज्ञान वेदांत आधीपासून आहे असे म्हणणाऱ्यांची त्यांनी एका गाजलेल्या लेखात खिल्ली उडवली होती. ते साहा आणि धर्मशास्त्रात मुरलेले दप्तरी एका समितीत बसू शकले, कारण चर्चेतली विधाने आकाशाकडे पाहून ताडून घेता येण्याजोगी होती.

समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे, तर ऋतूंचे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे आहे. फरक वर्षाला साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे साठ वर्षांत एका दिवसाचा. त्यामुळे एकेकाळी उत्तरायणाच्या आरंभाशी जुळणारी मकरसंक्रांत आता जानेवारीच्या मध्यावर येते. व्यवहारासाठी समितीने सायन, म्हणजे ऋतूंच्या वर्षावर चालणारी, सौर दिनदर्शिका सुचवली आणि ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, लागू झाली. सणवारांसाठी मात्र निरयन, म्हणजे ताऱ्यांवर बसवलेली, पद्धत ठेवून २१ मार्च १९५६ चे अयनांश, म्हणजे दोन्ही पद्धतींच्या आरंभबिंदूंतले अंतर, २३ अंश १५ कला धरले. तोडगा तडजोडीचा होता, पण त्यातली प्रत्येक संख्या तपासता येते. परंपरा, आधुनिक खगोलशास्त्र आणि लोकव्यवहार यांना एकत्र आणणारे निर्वसाहतीकरण कसे दिसते, याचा हा नमुना आहे.

परंपरा कोणाची?

‘आपले ज्ञान’ परत आणायचे म्हटले की ‘आपले’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न येतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये महालातच झाली आणि शिक्षणाचे भारतीयीकरण हा त्या विचारधारेचा जुना आग्रह आहे. महालापासून काही किलोमीटरवरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या समाजाच्या पूर्वजांना संस्कृत पाठशाळेची दारे बंद होती. इंग्रजी अमदानीतले शिक्षण कितीही तुटपुंजे असले तरी त्यांना अक्षरओळख त्याच वाटेने झाली. त्यांच्या दृष्टीने वसाहतपूर्व ज्ञानव्यवस्था हा स्वातंत्र्याचा काळ ठरत नाही. पण त्यांनी स्वीकारलेली परंपराही भारतीयच आहे, आणि परंपरेत आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काहीही मानू नये, ही शिकवण तिच्या केंद्राशी आहे.

नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंदाने, १७०२ च्या सुमारास. भूविज्ञानात गोंडांच्या प्रदेशाचे, गोंडवनाचे, नाव जगभर गेले. एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये प्राचीन महाखंडाला तेच नाव दिले. मात्र गोंडांना असलेली जंगल, माती आणि वनस्पती यांची जाण विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रात क्वचितच येते. ‘भारतीय ज्ञानप्रणाली’चा अभ्यासक्रम फक्त संस्कृत ग्रंथांपुरता राहिला, तर एका वर्चस्वाच्या जागी दुसरे येईल. मौखिक ज्ञानालाही हाच नियम लागू आहे: त्याला आदराने नोंदवावे, त्याचे श्रेय त्या समाजाला द्यावे आणि मग तपासावे.

कडव्या आक्षेपाचा विचार

तपासण्याची कसोटी मुळात पाश्चात्त्यच आहे, असा आक्षेप उरतो. तो टिकत नाही. न्यायभाष्याने शास्त्राच्या प्रवृत्तीचे तीन टप्पे सांगितले आहेत: उद्देश, लक्षण आणि परीक्षा. कसोटी एका संस्कृतीची मक्तेदारी नाही. प्रयोगाची तंत्रे आणि गणिताची साधने युरोपात विशेष वाढली, एवढेच. विज्ञानाचा शोध कसा लागला आणि तो खरा कसा ठरतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात सत्ता, पैसा, धर्म, व्यापार सगळे येते. दुसऱ्यात फक्त परीक्षा येते.

या आक्षेपात एक सत्यांश मात्र आहे. कोणता प्रश्न संशोधनाला योग्य मानायचा, हे परीक्षेने ठरत नाही. तिथे समाजाची निवड असते. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत आढळणारा सिकलसेल आजार, भूजलातले फ्लोराइड, कोरडवाहू कापूस हे प्रश्न अभ्यासक्रमात किती येतात, यावरून त्या विद्यापीठाची दृष्टी कुठे लागली आहे ते कळते. प्रश्नांची निवड स्थानिक असू शकते. मिळालेल्या उत्तराचे खरेपण स्थानिक नसते. सिकलसेलमधल्या हिमोग्लोबिनची रचना नागपुरात आणि लंडनमध्ये एकच असते.

अध्यापनातला बदल

यातून विद्यापीठीय वर्गासाठी निघणारे निष्कर्ष मोजके आहेत. भूविज्ञानाचा विद्यार्थी जीवाश्मांचे चित्र पाहण्याआधी सीताबर्डीच्या आणि नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांपाशी जावा, आणि त्या खडकांचे नमुने लंडनला का गेले हेही त्याने शिकावे. गणिताच्या वर्गात भास्कराचार्यांचा तात्कालिक गतीचा नियम आणि आजचे कलनगणित शेजारी-शेजारी सोडवून, बापूदेव कुठपर्यंत बरोबर होते हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. खगोलशास्त्रात ग्रहलाघवावरून आणि आधुनिक सूत्रांवरून तिथी काढून ती चंद्राच्या वेधाशी ताडावी. प्रयोगाचे उत्तर आधी सांगू नये. चर्चा मराठीत व्हावी आणि संज्ञा ज्या रुजल्या त्या राहाव्यात. परीक्षेत पुस्तकातले वाक्य लिहिण्यापेक्षा ते वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे सांगण्याला गुण असावेत.

‘भारतीय ज्ञानप्रणाली’चा वेगळा विषय ठेवून त्यात प्राचीन यशांची यादी पाठ करायला लावली, तर हे साधणार नाही. विज्ञानाच्या वर्गात इंग्रजी शब्दप्रमाण आणि शेजारच्या वर्गात संस्कृत शब्दप्रमाण, अशी दोन दालने तयार होतील आणि विद्यार्थ्याला दोन्हींत मान खाली घालून लिहून घ्यावे लागेल. निर्वसाहतीकरणाची खूण विद्यार्थ्याच्या अधिकारात आहे. ग्रंथ ऑक्सफर्डचा असो की उज्जैनचा, त्यातले विधान पुराव्याशी ताडून पाहण्याची आणि न जुळल्यास तसे म्हणण्याची मुभा व क्षमता पदवीधराला मिळाली, तर त्या विद्यापीठाचे विज्ञान स्वतंत्र झाले असे म्हणता येते.